पानगळीचा हिशेब

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दादाने व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. खाली दोनच वाक्यं होती: ‘सवडीने वाच. घाई नाही.’ कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘हक्कसोडपत्र’.

निफाड तालुक्यातली आमची साडेचार एकर द्राक्षबाग, एक विहीर आणि शेतातलं घर. अण्णा गेल्यानंतर सातबाऱ्यावर तीन नावं चढली, आईचं, दादाचं आणि माझं. बँकेचं कर्ज, पीक विमा, ठिबकचं अनुदान, प्रत्येक वेळी तिघांच्या सह्या लागतात आणि त्यातली एक सही बारा हजार किलोमीटर दूर असते. त्यामुळे दादाचं म्हणणं अगदी सरळ होतं. तरी मी तो कागद तीन आठवडे तसाच ठेवला. रोज सकाळी चहा करताना खिडकीतून मागच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड दिसायचं. ते पिवळं होत होतं. त्या तीन आठवड्यांत मी जो काही विचार केला तो बराचसा त्या झाडाकडे बघत केला, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

झाड ‘एम्पायर’ जातीचं आहे. ही जात आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या जिनीव्हा गावच्या संशोधन केंद्रात तयार झाली आणि १९६६ साली लोकांच्या हाती आली. न्यूयॉर्क राज्याचं हे केंद्र १८८० साली स्थापन झालं, आता ते कॉर्नेल विद्यापीठाचा भाग आहे. आठ वर्षांपूर्वी अण्णा आणि आई आमच्याकडे आले ते ऐन पानगळीत. अण्णांनी माकडटोपी घालून अंगणात फेरी मारली, एक पिवळं पान उचललं, बोटांत चोळलं आणि विचारलं, "झाड आजारी आहे का गं?"

"नाही अण्णा, इथे थंडीआधी सगळीच पानं टाकतात."

"टाकतात ते कळलं. पण भरलेली टाकतात का रिकामी करून टाकतात?"

मी रसायनशास्त्राची माणूस, प्रयोगशाळेत नोकरी करणारी. या देशात तेव्हा वीस पानगळी पाहिल्या होत्या, फोटो काढले होते, रंग बघायला व्हर्मॉंटपर्यंत गाडी हाणली होती. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

उत्तर शोधलं ते असं. पान उन्हाळाभर जे काम करतं त्यासाठी त्याला प्रथिनं लागतात आणि प्रथिनांसाठी नत्र लागतं. पानातलं बहुतेक नत्र हरितलवकांत असतं, त्यातही रुबिस्को नावाच्या एकाच विकरात त्याचा मोठा वाटा असतो. दिवस लहान झाले, थंडी पडू लागली, की झाड ही यंत्रणा स्वतःच मोडायला घेतं. प्रथिनांचे तुकडे होतात, त्यांची अमिनो आम्लं होतात आणि ती रसवाहिन्यांतून फांदी, खोड आणि मुळांकडे परत जातात. आपण ज्याला रंग बदलणं म्हणतो तो या कामाचा बाहेरून दिसणारा भाग आहे. हिरवा रंग मोडला जातो आणि आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो. गंमत म्हणजे हरितद्रव्यातलं स्वतःचं थोडंसं नत्र झाड परत नेत नाही, ते पानातच राहतं. हिरवा रंग मोडायचा तो मुख्यतः त्याला धरून बसलेली प्रथिनं मोकळी व्हावीत म्हणून. सगळं आवरलं की देठाशी एक थर तयार होतो आणि मग पान गळतं. तोवर त्यातलं साधारण निम्मं, कधी त्याहून जास्त नत्र झाडाने काढून घेतलेलं असतं.

ते हिवाळाभर सालीत, लाकडात आणि मुळांत साठवणीची प्रथिनं आणि अमिनो आम्लं बनून राहतं. वसंतात कळ्या फुगतात तेव्हा जमीन अजून गार असते, पानं नसतात, त्यामुळे मुळं फारसं काही ओढू शकत नाहीत. मग फुलं आणि पहिली पालवी येते ती कशाच्या जोरावर? मागच्या वर्षीच्या साठ्याच्या. साठ्यातली प्रथिनं पुन्हा मोडतात आणि जलवाहिन्यांतून वर चढतात. त्या वर्षीच्या जमिनीतलं नत्र मोठ्या प्रमाणात कामी येऊ लागतं ते काही आठवड्यांनी. नत्राचा एक जड समस्थानिक आहे, नत्र-१५. तो खतातून देऊन शास्त्रज्ञांनी जुनं नत्र कुठे जातं आणि नवं कुठे, हे वेगवेगळं मोजलं आहे. स्कॉटलंडमध्ये पीटर मिलार्ड यांनी अशा प्रयोगांतून एक गोष्ट दाखवून दिली: साठ्यातून वसंतात किती नत्र वर येणार हे त्या वसंतात किती खत घातलं यावर ठरत नाही, आधी किती साठलं होतं यावर ठरतं.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते चकित होतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे काडीत भरतं तेच."

नाशिककडच्या बागाईतदाराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तिथे द्राक्षवेल थंडीने झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करून तिला वळण लावतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यानंतर उन्हाळ्यात काडी वाढते, डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते, काडी पक्व होते. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. मग डोळे फुटतात आणि कोंबाबरोबर घड बाहेर येतो. पण काडीत अन्नसाठा कमी असेल तर दिसलेला घड पुढे वाढत नाही, त्याची बाळी होते. याला शब्द आहे, ‘घड जिरला’. तेव्हा वरून कितीही खत सोडलं तरी जिरलेला घड परत येत नाही. "ऑक्टोबरात घड दिसतो," अण्णा म्हणाले, "पण तो ठरलेला असतो उन्हाळ्यात. लोक ऑक्टोबरातल्या माणसाची पाठ थोपटतात."

शेवटचं वाक्य त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. मला ते लागायला आठ वर्षं आणि एक पीडीएफ जावी लागली.

आपल्यापैकी बहुतेकांकडे दोन बॅगांची एक गोष्ट असते. माझ्याकडेही आहे. १९९८ साली मी दोन बॅगा घेऊन आले, ओळखीचं कुणी नव्हतं, बर्फात बसची वाट बघितली, लॅबमध्ये रात्री काढल्या. मंडळाच्या गणपतीत नव्याने आलेल्या मुलांना ही गोष्ट आम्ही सांगतो, आणि ती खोटी नाही. पण ती वसंतापासून सुरू होते. त्या बॅगांआधी पुण्यातलं सरकारी कॉलेज होतं, तिथली फी इतकी कमी होती कारण उरलेला खर्च राज्यातले करदाते उचलत होते. वसतिगृहाचे पैसे बागेतून यायचे. विमानाचं तिकीट आईच्या पाटल्यांतून आलं. आणि एका वर्षी फेब्रुवारीत गारपिटीने तयार माल झोडपला तेव्हा कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेला दादा घरी परत आला. दोघांचा खर्च झेपणार नव्हता. मी तिसऱ्या वर्षाला होते, माझे मार्क चांगले होते. कुणी मला विचारलं नाही, आणि मीही कुणाला काही विचारलं नाही.

गेली पंचवीस वर्षं इथे कुणी भावाबद्दल विचारलं की मी सांगते, "त्याला शेतीची आवड होती." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की ते खरं आहे असं मला वाटू लागलं होतं.

आता मूळ प्रश्न. आधीच्या कुणाच्या तरी साठ्यावर आपण फुललो, तर त्याचं आपण काय लागतो?

पहिलं उत्तर आपल्या भाषेत तयारच आहे: त्याग. आईने त्याग केला, भावाने त्याग केला, मोठ्या पिढीने पान होऊन झाडाला सगळं दिलं. मला हे उत्तर पटत नाही, आणि झाडाकडे बघूनच पटत नाही. पान देत नाही, झाड काढून घेतं. पानाला नाही म्हणण्याची सोय नाही. ज्यांना नकार देता येत नव्हता त्यांनी दिलं, याला आपण त्याग म्हणतो, कारण तसं म्हटलं की घेणाऱ्यावरचं ओझं हलकं होतं. समोरच्याला देव्हाऱ्यात बसवलं की त्याच्याशी हिशेबाचं बोलावं लागत नाही. दादाने नकार दिला असता तर काय झालं असतं हे मला माहीत नाही. नकार देता येईल असं त्याला वाटलं असेल का, हेही मी कधी विचारलेलं नाही.

दुसरा आक्षेप मी स्वतःवरच घेते. झाडावरून माणसाने नीती शिकावी का? डेव्हिड ह्यूमने १७३९-४० सालच्या त्याच्या ग्रंथात दाखवून दिलं की जे आहे त्यावरून जे असावं ते आपोआप निघत नाही. बरोबर आहे. झाड जुन्या पानातून नत्र काढून घेतं म्हणून मुलांनी आईवडिलांना रिकामं करावं असं कुणी म्हणणार नाही. झाडात कर्ज नाही, कृतज्ञता नाही, भाऊबहीण नाही. पण झाड एक गोष्ट करू शकतं, ते आपलं चुकलेलं गणित दाखवू शकतं. वसंतातलं फूल त्या वसंताची कमाई नसतं, हे नीतीचं वाक्य नाही, मोजलेली गोष्ट आहे. त्यापुढे काय करायचं ते आपण ठरवायचं. निदान हिशेब चुकीच्या महिन्यापासून सुरू करू नये.

मग सही करून टाकावी, प्रश्न मिटला? इथे तिसरी अडचण येते, आणि ती सर्वांत जड आहे.

माझ्या दोन्ही आत्यांनी हक्कसोड केली ती लग्नानंतर वर्षाच्या आत. साडीचोळी झाली, जेवण झालं, तलाठी कार्यालयात अंगठा आणि सही झाली. कारण एकच, माहेर तुटायला नको. तेव्हा कायदाही त्यांच्या बाजूने पुरता नव्हता. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं, पण त्या वेळी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माने आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. इतक्या पायऱ्या चढून आलेला हक्क. ओसीआय कार्डावर मला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते, म्हणजे सोडली तर पुन्हा घेण्याचा रस्ता नाही. आणि माझ्यासारखी, जिला त्या साडेचार एकरांची गरज नाही, ती सही करते तेव्हा जिला गरज आहे तिच्यापुढेही तोच कागद सरकवणं सोपं होतं. ‘अमेरिकेतल्या बहिणीनेसुद्धा सोडलं, तुझं काय अडलंय?’ हे वाक्य मला गावातल्या आवाजात ऐकू येतं.

म्हणून मी कागद पुन्हा नीट वाचला. त्यात नेहमीचे शब्द होते, ‘राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, विनामोबदला’. विनामोबदला या शब्दाशी मी अडले. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे. पण माझ्या बाबतीत तो खोटा आहे. मोबदला मला मिळालेला आहे, आगाऊ, १९९५ ते १९९८ या वर्षांत. माझा हिस्सा काडीतून कधीच वर चढला आहे आणि त्याची फुलं, फळं, या घराचे हप्ते, मुलीचं कॉलेज, सगळं होऊन गेलं आहे. बागेत जो हिस्सा माझ्या नावावर दिसतो त्यात दादाची तीस वर्षांची मेहनत आहे. त्याच्यावर माझं नाव असणं हे कायद्याने योग्य आणि माझ्या हिशेबाने दुबार आहे.

इथे आपल्या लोकांत नेहमी दिलं जाणारं एक उत्तर आहे: ऋण मागे फेडायचं नसतं, पुढे द्यायचं असतं. आईवडिलांनी आपल्याला दिलं, आपण मुलांना देतो. झाडही वसंतात नत्र जुन्या पानाला परत देत नाही, नव्या पालवीला देतं. ऐकायला छान आहे, पण यात एक चलाखी आहे. झाड काढून घेतं ते ज्या खोडात साठवतं, त्याच खोडावर नवी पालवी फुटते. आपण एका खोडातून घेतलं आणि दुसऱ्या खोडाला दिलं. न्यूयॉर्कच्या शाळेत शिकणाऱ्या माझ्या मुलीला मी दिलं म्हणजे निफाडचं फिटलं, असं मानायला मला आवडलं असतं. फिटलेलं नाही.

मी पैसे पाठवले नाहीत असं नाही. पाठवले, आणि तिथेही एक धडा मिळाला. झाडाची मुळं घेण्याच्या स्थितीत नसताना घातलेलं नत्र झाडाला मिळत नाही, पाण्याबरोबर खाली निघून जातं. कॅलिफोर्नियाच्या टुलेरी आणि सलिनास भागांतल्या विहिरींतल्या नायट्रेटवर डेव्हिसच्या विद्यापीठाने २०१२ साली अहवाल दिला. त्या भागातल्या भूजलात जाणाऱ्या नायट्रेटपैकी सुमारे ९६ टक्के शेतजमिनीतून येतं आणि अडीच लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याला त्याचा धोका आहे, असं त्यात म्हटलं होतं. तान्ह्या बाळाला असं पाणी पाजलं तर रक्ताची प्राणवायू नेण्याची ताकद कमी होते आणि ते निळसर पडतं. आयोवातल्या डॉक्टर कॉम्ली यांनी हे १९४५ साली नोंदवलं होतं. खत घालणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. झाडाला केव्हा आणि किती लागतं हे न बघता दिलं गेलं, एवढंच.

मीही तसंच दिलं. अण्णांना विचारता घरावर दुसरा मजला चढवायला पैसे पाठवले, कारण मी येईन तेव्हा एसी असलेली खोली हवी होती. त्या वर्षी बागेला शेततळ्याची गरज होती. दादा काही बोलला नाही. गावात मात्र माझ्या मजल्याची चर्चा झाली, आणि चुलतभावांनी ईर्ष्येने कर्ज काढून मजले चढवले. त्या विहिरीत काय उतरलं ते मी मोजलेलं नाही.

अण्णा गेले फेब्रुवारीत, काढणीच्या ऐन गर्दीत, झोपेत. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. इथे एखाद्या वर्षी थंडी हळूहळू न येता एकदम कडाक्याचं हिव पडतं. तेव्हा पानं हिरवीच मरतात. देठाशी थर तयार झालेला नसतो, म्हणून ती गळतही नाहीत, तपकिरी होऊन हिवाळाभर झाडावर लटकत राहतात, आणि त्यांतलं जे परत यायचं ते त्यांतच राहतं. अण्णांच्या बाबतीत माझं तसं झालं. गारपिटीच्या वर्षी घरात नेमकं काय बोलणं झालं, दादाला कुणी आणि कसं सांगितलं, हे फक्त त्यांना विचारता आलं असतं. ते राहिलं. आई आता वेगळं सांगते आणि दादा विषय बदलतो.

म्हणून या वेळी मी आधी फोन केला. म्हटलं, "दादा, तू कॉलेज सोडलंस तेव्हा तुला सोडायचं होतं का?"

पलीकडे बराच वेळ फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "तेव्हा वाईट वाटलं होतं. चार-पाच वर्षं वाटत होतं. मग बाग माझी झाली." आणि थोडं थांबून, "तू विचारशील असं वाटलं नव्हतं."

मी सही करणार आहे. पण तीन गोष्टी त्याला सांगितल्या. एक, आईने सही करायची नाही. तिला दुसरं काहीच नाही, तिचं नाव सातबाऱ्यावर तिच्या डोळ्यांदेखत राहू दे. दोन, कागदात विनामोबदला राहू दे, पण त्यासोबत माझं एक पत्र ठेव. मला काय काय मिळालं ते वर्षांसकट त्यात लिहिलं आहे, म्हणजे पुढे कुणी याला बहिणीचा त्याग म्हणणार नाही आणि दुसऱ्या कुणाच्या बहिणीपुढे त्याचा दाखला ठेवणार नाही. तीन, माझ्या भाचीला आजच सांग की तिच्यापुढे हा कागद कधीही येणार नाही. ती यंदा बारावीला आहे. तिच्या शिक्षणाचं मी बघेन असं म्हणणार होते, पण मजला आठवला. म्हणून विचारलं, "तिला काय लागणार आहे, आणि केव्हा?" तो म्हणाला, वहिनीशी बोलून सांगतो.

दरवर्षी मी पडलेली पानं कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवते, गावची गाडी घेऊन जाते. झाडाने नेल्यानंतर उरलेलं नत्र त्या पानांत असतं. ते नुसतं त्या झाडाचं नाही, गांडुळांचं, बुरशीचं, शेजारच्या कुंपणाखालच्या गवताचंही आहे. पुण्यातल्या त्या सरकारी कॉलेजची फी भरणाऱ्या अनोळखी माणसांचा हिस्सा माझ्या हिशेबात असाच आहे. त्याचं सातबाऱ्यावर नाव नाही, आणि तो फेडायचा बाकी आहे. या वर्षी पिशव्या आणल्या नाहीत. पानांवरून गवत कापायचं यंत्र दोनदा फिरवलं, म्हणजे खवल्या रोग त्यांत टिकणार नाही, आणि चुरा झाडाखालीच राहू दिला.

कॉन्सुलेटची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली आहे. काल दादाचा फोटो आला, छाटणीनंतरचा अठरावा दिवस, कोवळ्या कोंबावर बोटाच्या पेराएवढा घड. खाली लिहिलं होतं, ‘यंदा जिरले नाहीत.’